आज किती प्लाय? स्टंप सॉक्ससोबतचे माझे चौदा महिने

माझा डावा पाय गुडघ्याखाली, नडगीच्या साधारण मध्यावर कापला त्याला आता चौदा महिने झाले. काल दुसऱ्या सॉकेटचं (कृत्रिम पायाचा वरचा कडक भाग, ज्यात उरलेला पाय बसतो) माप देऊन आले आणि घरी आल्यावर मोज्यांचा डबा पलंगावर उपडा करून परत नीट लावत बसले, तेव्हा वाटलं की हे सगळं एकदा लिहून काढावं. ऑपरेशनच्या आधी मी रात्र रात्र जागून वाचत होते, त्यात कृत्रिम पायाबद्दल ढीगभर होतं, पण तो पाय आणि माझी कातडी यांच्या मधे जे घालायचं असतं, म्हणजे हे मोजे, स्टंप सॉक्स, त्याबद्दल जवळजवळ काहीच सापडलं नाही. आणि पहिल्या वर्षातला माझा निम्मा त्रास तिथलाच होता.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. माझं गुडघ्याखालचं आहे, गुडघ्यावरचं किंवा हाताचं असेल तर बऱ्याच गोष्टी वेगळ्या असतात. आणि ज्यांना डायबेटिसमुळे पायाला संवेदना कमी आहे त्यांनी "दुखलं की कळेल" यावर अजिबात राहू नये, माझ्या वॉर्डातल्या एका काकांना जखम झालेली कळलीच नव्हती, डोळ्यांनी दिसली तेव्हाच कळली.

उरलेल्या पायाला सगळे स्टंपच म्हणतात. मला तो शब्द सुरुवातीला सहन व्हायचा नाही, आता मीही तोच वापरते.

सुरुवात सॉक्सने होत नाही, क्रेप बँडेजने होते. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी फिजिओच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, आता हे बांधायला तुम्ही आणि घरच्यांनी शिकायचं. मी तर त्याकडे बघतही नव्हते तोवर. ड्रेसिंग बदलताना मान फिरवून भिंतीकडे बघायचे. मॅडमनी काही जबरदस्ती केली नाही, फक्त पट्टीचं टोक माझ्या हातात धरायला दिलं आणि त्या बांधत राहिल्या, म्हणजे मला बघावंच लागलं. पट्टी गोल गोल गुंडाळायची नसते, तिरकी न्यायची, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, आणि टोकाला घट्ट, वर जाताना सैल सैल. हे उलटं झालं की वरून आवळलं जातं आणि खालचं टोक फुगतं. आमच्याकडे घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री हे झालं. नवऱ्याने खूप मन लावून बांधलं होतं, पण वरचे दोन वेढे गोल आणि घट्ट झाले, पहाटे ठणक्याने जाग आली, सोडून बघितलं तर टोक जांभळट आणि टम्म. तो इतका घाबरला की नंतर दोन दिवस हातच लावेना. मग मॅडमना फोनवर फोटो पाठवला, त्यांनी सांगितलं की चुकलं तर सोडून परत बांधायचं, बास, दर तीन-चार तासांनी तसंही सोडून बांधायचंच असतं कारण हललं की पट्टी सैल होते. एक छोटी गोष्ट, पट्टीबरोबर येणाऱ्या धातूच्या क्लिपा वापरू नका, टोचतात आणि अंथरुणात हरवतात, चिकटपट्टीच बरी.

दुसरी गोष्ट म्हणजे गुडघ्याखाली उशी. सगळ्यांना वाटतं पायाला आराम मिळेल, येणारा प्रत्येक माणूस प्रेमाने उशी सरकवायचा. ती घ्यायची नाही. गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडला तर पुढे पाय बसवताना फार अडचण येते. मी दिवसातून दोनदा पालथी झोपायचे, पंधरा-वीस मिनिटं, कंटाळा यायचा पण केलं.

आणि पडणं. सोळाव्या रात्री मला जाग आली, बाथरूमला जायचं होतं, आणि मी उठून चालायला लागले. खरंच. झोपेत डोक्याला ठाऊक नसतं पाय नाहीये ते, कारण तो जाणवत असतो, बोटं जाणवत असतात, टाच जाणवत असते. मी सरळ स्टंपवर पडले. टाके फक्त एका बाजूला थोडे उसवले, नशीब चांगलं, पण त्या वेदनेचं वर्णन मी करणार नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधे कळलं की या काळासाठी काढता-घालता येणारं कडक कवच मिळतं, स्टंपवर मोजा, त्यावर ते कवच आणि वरून पट्टे, म्हणजे पडलं तरी मार थेट टाक्यांना लागत नाही आणि गुडघाही सरळ राहतो. मला ते पडल्यावर मिळालं. तुमचं ऑपरेशन व्हायचं असेल तर आधीच विचारा. आणि रात्री पलंगाच्या त्या बाजूला खुर्ची आडवी लावून ठेवा, म्हणजे उठताना हाताला लागते आणि जाग येते. आम्ही तेच केलं, परत पडले नाही.

टाके निघाले चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला, उसवल्यामुळे थोडे उशिरा. जखम पूर्ण बंद झाल्यावर बँडेज जाऊन श्रिंकर आला. श्रिंकर म्हणजे जाड इलॅस्टिकचा, एका बाजूने बंद असलेला मोजा, टोकाला जास्त दाब आणि वर कमी, म्हणजे पट्टीचं जे काम आपण हाताने करत होतो तेच तो करतो. त्यासाठी स्टंपचा घेर वेगवेगळ्या उंचीवर टेपने मोजतात आणि त्यावरून साइज काढतात. सूज उतरवायची आणि स्टंपला आकार द्यायचा हे त्याचं काम. मला सांगितलं होतं की दिवसातले २३ तास घालायचा, उरलेला तास धुणं, कातडी बघणं आणि मालिश. मी म्हटलं २३ तास कसं शक्य आहे, पण आठवड्याभरात उलट झालं, काढल्यावर स्टंप नागडा आणि जड वाटायला लागला.

घालायची पद्धत महत्त्वाची आहे. वरचा अर्धा भाग उलटा करायचा, दोन्ही हातांनी तोंड ताणून धरायचं, आधी बंद टोक स्टंपच्या टोकाला घट्ट टेकवायचं, मधे अजिबात पोकळी नको, आणि मग वर उलगडत न्यायचं. खालून वर खेचत आणला तर ताज्या व्रणावर घासतो, मी पहिल्या दिवशी तसंच केलं आणि रडले. काही ठिकाणी एक प्लास्टिकचं रुंद नळकांडं देतात, त्यावर श्रिंकर चढवून ठेवायचा आणि स्टंप आत घालून नळकांडं काढून घ्यायचं, एकट्याने घालणाऱ्यांसाठी ते फार सोयीचं. सुरकुती राहू द्यायची नाही. आणि वरची कड गुंडाळली जाऊन दोरीसारखी झाली तर लगेच उलगडायची, कारण मग तोच प्रकार, वरून आवळणं. माझा पहिला श्रिंकर मांडीवर सारखा गुंडाळायचा, मला वाटायचं माझंच घालायला चुकतंय, शेवटी बघितलं तर तो लांबीला कमी होता. दोन तरी घ्या, एक अंगावर आणि एक वाळत, नाहीतर धुतलेला वाळेपर्यंत सूज परत चढते. आणि तो सैल पडला की पुढचा लहान साइजचा लागतो, म्हणून एकदम चार घेऊन ठेवू नका.

श्रिंकरने मला एक अनपेक्षित दिलासा दिला. नसलेल्या पावलाच्या वेदना सगळ्यांना वेगवेगळ्या होतात, मला असं वाटायचं की अंगठा कोणीतरी मागे पिरगाळून धरलाय, तासन् तास. सगळीकडून सारखा दाब बसायला लागल्यावर ते पिरगाळणं बरंच ढिलं झालं. गेलं नाही, पण झोप लागायला लागली. त्या मोकळ्या तासात मी स्टंपवर आधी मऊ कापड, मग टॉवेल फिरवायचे, बोटांनी टपटप मारायचे, म्हणजे कातडीला स्पर्शाची सवय व्हावी. सुरुवातीला चादर लागली तरी झिणझिण्या यायच्या.

या काळातली वाट बघणं कठीण होतं. दर सोमवारी नवरा टेपने तीन ठिकाणी घेर मोजायचा आणि मुलगी वहीत लिहायची. सर (प्रोस्थेटिस्ट, पाय बनवणारे, मी त्यांना सरच म्हणते) म्हणाले होते की आकडे दोन-तीन आठवडे स्थिर दिसले की साचा घेऊ. ते स्थिर होईचनात. एका आठवड्यात एक सेंटिमीटर कमी, पुढच्या आठवड्यात काहीच नाही, मला वाटायचं झालं, मग परत कमी. शेवटी अकराव्या आठवड्यात साचा घेतला.

मधल्या काळात कागदपत्रं. सहाव्या आठवड्यात कृत्रिम पायाच्या मंजुरीसाठी अर्ज टाकला होता, सोबत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, कोटेशन, डिस्चार्ज पेपर, अपंगत्वाचा दाखला, फोटो. १९ दिवसांनी परत आला कारण प्रिस्क्रिप्शनवर डावा की उजवा आणि कुठल्या लेव्हलचं अँप्युटेशन हे लिहिलेलंच नव्हतं. परत डॉक्टरांची वेळ, परत सही, परत शिक्का. दुसऱ्या वेळी मंजूर झाला, पण मंजुरीच्या कागदात पाय होता, एक लायनर (थेट कातडीवर चढवायचं सिलिकॉनचं आवरण) होता आणि सॉक्स मात्र वापरून संपणारी वस्तू म्हणून वगळले होते. मी दमले होते, म्हटलं मोजेच तर आहेत, सोडून दिलं. ती चूक होती. एकेक सॉक पायाच्या मानाने किरकोळ किमतीचा असतो, पण ते झिजतात, आटतात, सगळ्या जाडीचे लागतात आणि परत परत लागतात, शिवाय लायनर, जो सॉक्सपेक्षा कितीतरी महाग, तोही रोज वापरला तर वर्षभराच्या आतच बदलायची वेळ येऊ शकते. तुम्ही अर्ज करत असाल तर कोटेशनमधे सॉक्स वेगळ्या ओळीवर, जाडी आणि संख्येसकट लिहून घ्या, आणि डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनवरही तेच शब्द येऊ द्या. "कृत्रिम पाय आणि ॲक्सेसरीज" अशा मोघम ओळीतून काहीही वगळता येतं.

साचा, मग पारदर्शक ट्रायल सॉकेट, त्यातून सर बघतात की कातडी कुठे दाबली जाऊन पांढरी पडतेय, मग दोनदा तासून घेणं, आणि पंधराव्या आठवड्यात पॅरलल बारच्या (धरून चालायला दोन्ही बाजूंना असलेल्या दांड्या) मधे मी दोन पायांवर उभी राहिले. त्या दिवसाबद्दल लिहायला बसले तर दुसराच लेख होईल.

निघताना एका पिशवीत सॉक्स दिले. १, ३ आणि ५ प्लायचे. प्लाय म्हणजे जाडी, हा शब्द लोकरीच्या मोज्यांवरून आलाय, किती पदरी धागा त्यावरून. सरांनी समजावलं, सकाळी स्टंप थोडा सुजलेला असतो, दिवसभर सॉकेटमधे दाबला जाऊन बारीक होतो, ती रिकामी जागा सॉक्सने भरायची. माझ्याकडे आधी कातडीवर सिलिकॉनचा लायनर, त्याच्या टोकाला पिन, त्यावर सॉक आणि मग सॉकेट, पिन खाली लॉकमधे कट कट करत जाते. ज्यांच्याकडे लायनर नसतो त्यांचा सॉक थेट कातडीवर येतो, ते आत पातळ नायलॉनचा शीथ घालतात म्हणजे घासणं कमी होतं. हे सगळं पाचेक मिनिटांत सांगून झालं. मी मान डोलावली. मला त्या दिवशी पायाशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटतं बहुतेकांचं असंच होत असणार, म्हणून तेव्हा बरोबर कोणीतरी हवं जे लिहून घेईल.

पहिले दोन आठवडे वेळेच्या हिशोबाने घालायचा होता, आधी अर्धा तास, काढून कातडी बघायची, मग एक तास, असं वाढवत. काढल्यावर लालसर खुणा असणारच, पण त्या दहा-वीस मिनिटांत गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर तिथे काहीतरी चुकतंय. मागची बाजू दिसत नाही म्हणून दांडीचा आरसा घेतला, तो आजही रोज लागतो.

तिसऱ्या आठवड्यात मला जोर आला. मी एक प्लाय घालून सकाळी निघायचे आणि संध्याकाळपर्यंत तीच, कारण दुपारी पँट काढून, पाय काढून, मोजा चढवून परत सगळं घालायचं म्हणजे बाथरूममधे पंधरा मिनिटं, आणि बाहेर कोणीतरी दार वाजवणार. पाय थोडा आखूड वाटत होता, उचलला की खाली घसरल्यासारखा व्हायचा आणि टेकला की वर सरकायचा, टोकाला दाब लागत होता. मला वाटलं नवीन आहे, सवय होईल. चौथ्या दिवशी रात्री लायनर काढला तर गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेला लाल चट्टा आणि स्टंपच्या टोकाला, नडगीचं हाड संपतं तिथे, चार आणे एवढा फोड. पाण्याने भरलेला.

नऊ दिवस पाय बंद. नऊ दिवस परत कुबड्या, परत श्रिंकर, परत दुसऱ्याने पाणी आणून द्यायचं. मी त्या नऊ दिवसांत जितकी खचले तितकी ऑपरेशननंतरही खचले नव्हते. सरांकडे गेल्यावर त्यांनी सॉकेट तपासलं, स्टंप मोजला आणि विचारलं, "ताई, दिवसभरात किती सॉक्स वाढवले?" मी म्हटलं एकही नाही. त्यांना राग नाही आला, ते म्हणाले सॉकेट कडक आहे, ते बदलत नाही, बदलणारे तुम्ही आहात, सॉकेट सैल झालं तर तुम्ही आत खोल बुडणार आणि टोकावर सगळा भार येणार. मग त्यांनी मला समोर बसवून सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं असं तीन वेळा करून दाखवलं. ते पाऊण तास मला पहिल्याच दिवशी मिळायला हवे होते, पण मिळाले हे खरं.

तेव्हापासून मी हे पाळते. पाय आखूड वाटला, उचलताना घसरला, वाटीच्या खाली किंवा टोकाला दाब आला, पिन नेहमीपेक्षा जास्त कट कट करत एकदम खाली गेली, म्हणजे कमी पडतंय, एक प्लाय वाढवायची. पाय लांब वाटला, आत पूर्ण बसलाच नाही, नेहमीपेक्षा कमी कट आले, वरती आवळतंय पण टोक रिकामं लोंबतंय, म्हणजे जास्त झालं, कमी करायची. हे दुसरं हलकं घेऊ नका, टोकाला आधार न मिळता वर आवळलं गेलं तर टोकाची कातडी लाल-जांभळी होते आणि तसंच चालू राहिलं तर तिथे कातडी जाड, खडबडीत होत जाते. एका वेळी एकच प्लाय बदलायची, दहा मिनिटं चालायचं, मग ठरवायचं. आणि पाचची एक म्हणजे एकेकाच्या पाच हे तंतोतंत खरं नसतं, शिवाय दोन कंपन्यांची तीन प्लाय सारखी जाड असेलच असं नाही, म्हणून शक्यतो एकाच कंपनीचे घ्यायचे. मी थर कमीत कमी ठेवते, तीन एकेरी घालण्यापेक्षा तीनचा एक, कारण जितके थर तितक्या सुरकुत्यांच्या जागा.

वहीत मी रोज तीन आकडे लिहायला लागले. सकाळ, दुपार, रात्र. महिनाभरात नमुना दिसायला लागला, पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस मला एक प्लाय कमी लागते, उकाड्यात सकाळी कमी आणि दुपारनंतर भराभर वाढतात, आदल्या दिवशी पाय घातलाच नसेल तर दुसऱ्या सकाळी मोज्याशिवायही मुश्किलीने आत जातो. वजन कमी-जास्त झालं, औषधं बदलली, डायलिसिस चालू असेल तरी फरक पडतो असं सर म्हणाले. मुलगी आता शाळेत जाताना विचारते, "आई, आज किती प्लाय?"

अजून एक फजिती झाली ती सांगायलाच हवी कारण ती कोणाचीही होऊ शकते. पिनवाल्यांच्या सॉकला टोकाला भोक असतं, पिन त्यातून बाहेर यायला. मी घाईत दोन सॉक चढवले, वरच्याचं भोक थोडं सरकलेलं होतं, पिनने कापड बरोबर ओढत लॉकमधे नेलं. रात्री पिनचं लॉक सोडवायचं बटण दाबलं तर पाय निघेना. बटण दाबून, ओढून, बसून, उभं राहून, दीड तास. मला घाम फुटला, आत कोंडल्यासारखं झालं, शेवटी नवऱ्याने बटण दाबून धरलं आणि मी उभी राहून पूर्ण वजन टाकून, एक कट खाली नेऊन, मग गोल हलवत वर ओढलं तेव्हा सुटलं, सॉकच्या धाग्यांचा गुंता होता पिनवर. तेव्हापासून प्रत्येक सॉक घातल्यावर पिनच्या बुडाशी बोट फिरवते, भोक मधोमध आहे ना, एकही धागा वर आलेला नाही ना. पिनसुद्धा स्टंपच्या सरळ रेषेत हवी, लायनर पूर्ण उलटा करून टोकाला टेकवून हवा न अडकू देता गुंडाळत वर न्यायचा, पिन तिरकी झाली तर काढून परत घालायचा, "चालेल" म्हणायचं नाही.

सॉकला शिवण असेल तर ती हाडावर किंवा व्रणावर येऊ द्यायची नाही, हेही हळूहळू कळलं.

कापडाबद्दल लोकांची वेगवेगळी मतं आहेत, माझं असं की लोकर सगळ्यात चांगली दबून परत फुलते आणि घाम शोषूनही कोरडी वाटते, पण धुण्यात फार जपावी लागते, एकदा गरम पाण्यात गेलेला माझा ५ प्लायचा सॉक इतका आटला की तो कोणत्याच हिशोबात बसेना. कॉटन सोपं पण ओलं राहतं. कोमट पाणी, साधा साबण, पिळायचं नाही, टॉवेलमधे दाबून पाणी काढायचं आणि सपाट पसरून सावलीत. साबणाचा अंश राहिला तर कातडीला खाज येते, म्हणून मी दोनदा जास्तच खळबळते. रोज धुतलेला सॉक. लायनरही रोज रात्री आतून धुऊन स्टँडवर, उन्हात किंवा हीटरवर नाही.

सातव्या महिन्यात मला लायनरच्या आत बारीक पुळ्या आल्या, केसांच्या मुळाशी. मी स्टंपवरचे केस रेझरने काढत होते, स्वच्छ वाटेल म्हणून. डॉक्टरांनी ते ताबडतोब बंद करायला सांगितलं. स्टंप धुवायचा रात्री, सकाळी नाही, कारण ओलसर मऊ कातडी लायनरमधे लगेच सोलवटते. क्रीमही रात्रीच. घाम खूप आला तर बाहेर असतानाही पाय काढून पुसायला लाज वाटून घेऊ नका. माझ्या पर्समधे एक छोटी पिशवी कायम असते, १ चे दोन, ३ चा एक, कोरडा रुमाल आणि एक जास्तीचा श्रिंकर, कारण काही कारणाने पाय दिवसभरासाठी काढावा लागला आणि श्रिंकर नसेल तर सुजेल आणि परत आत जाणारच नाही. झोपताना मी अजूनही श्रिंकर घालते. त्यामुळे सकाळचा पहिला आकडा आटोक्यात राहतो.

घरात पाय काढून बसते तेव्हा कोणी आलं तर पूर्वी मी मांडीवर ओढणी घ्यायचे. आता जाड साधा सॉक घालून बसते, उबेसाठी, कारण स्टंपला थंडी खरंच फार वाजते, आणि खुर्चीच्या कडेला आपटलं तरी थोडं वाचतं.

दहाव्या महिन्यात सकाळचा आकडा ६ आणि रात्रीचा १० झाला. बाराव्यात रात्री १३. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की दहा ते पंधराच्या मधे गेलं की फोन करा, कारण इतक्या जाड थरांवर पाय कोणत्याही दिशेला हलतो, सॉकेटचा आकारच हाडांशी जुळत नाही. आधी आत पॅड चिकटवून बघितले, दोन महिने त्यावर काढले. स्टंप पहिलं वर्ष-दीड वर्ष बारीक होतच राहतो, म्हणजे हे होणारच होतं, पण मला मनात वाटलं होतं की एकदा पाय मिळाला की संपलं.

नवीन सॉकेटचा अर्ज चार महिन्यांपूर्वीच टाकला होता. या वेळी वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, तारखेनिशी आकडे, आणि सॉक्स वेगळ्या ओळींवर, १ प्लायचे सहा, ३ चे सहा, ५ चे चार, श्रिंकर दोन, प्रिस्क्रिप्शनवर शब्दन् शब्द तसंच. अर्ज घेणाऱ्या बाईंनी वही उलटून उलटून बघितली आणि विचारलं हे कोणी लिहिलं. मी म्हटलं मुलीने आणि मी. २६ दिवसांनी मंजुरी आली, सॉक्ससकट.

साचा काल झाला. ट्रायल पुढच्या गुरुवारी, आणि सगळं व्हायला अजून तीन आठवडे तरी लागतील. तोवर जुनंच सॉकेट, पॅडसकट. आज सकाळी ८, दुपारी ११. रात्रीचा आकडा लिहायचा राहिलाय.